ब्रेक दाखवायचे नसतात

मोटार घेताना माणूस सगळ्यात शेवटी कशाची चौकशी करत असेल, तर ती ब्रेकची. ॲव्हरेज किती, रंग विटतो का, मागच्या सीटवर तीन बायका आणि एक पिशवी बसते का, हे सगळं विचारून होतं. ब्रेक असणारच, हे आपण गृहीत धरतो. मीही इतकी वर्षं धरत आलो. पण मागच्या दिवाळीला माझा भाचा पुण्याहून आला, फराळाची बशी हातात घेऊन अंगणातल्या पद्मिनीभोवती त्यानं दोन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाला, "मामा, हिला मोठे ब्रेक टाकू या."

"मोठे म्हणजे?"

"डिस्क. पुढे दोन्हीकडं. लाल कॅलिपर टाकायचे आणि जाळीदार अलॉय व्हील, म्हणजे बाहेरून दिसतील."

बाहेरून दिसतील! माझं भांडण आहे ते या दोन शब्दांशी. अहो, ब्रेक म्हणजे गाडीच्या लेंग्याची नाडी. ती मजबूत असावी, वेळेवर बदलावी, गाठ नीट मारावी आणि वर सदरा सोडावा. लाल रेशमी नाडी घेऊन, ती चारचौघांना दिसावी म्हणून सदरा खोचून हिंडणाऱ्या माणसाला आपण काय म्हणू? पण हल्ली गाडीच्या बाबतीत असल्या माणसाला शौकीन म्हणतात आणि त्याचे फोटो काढतात.

आमची पद्मिनी 1976 ची. वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली. त्या काळी मुलीचं लग्न लवकर जमायचं, फियाटचा नंबर लागायचा नाही. आणि सोलापूरकराला हिच्याबद्दल जरा जास्तच जिव्हाळा असतो, कारण जिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही बाहेर पडली ती प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 साली काढणारे वालचंद हिराचंद मूळचे आमच्या गावचे, 1882 साली सोलापुरात जन्मलेले. तेव्हा ही आमची माहेरवाशीणच. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लटकलेला गिअर, वजन नऊशे किलोच्या आतबाहेर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी याच ड्रमांवर पिढ्यान्‌पिढ्या गर्दीत गाडी थांबवली. त्यांची शेवटची पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निघाली, ती वीस वर्षांची मुदत भरली म्हणून. ब्रेक लागले नाहीत म्हणून नव्हे.

"पण मामा, डिस्क चांगलीच की! आता सगळ्या गाड्यांना असते."

असते, आणि चांगली असते. मी काही बैलगाडीचा वकील नाही. डिस्क उघड्यावर असते, तापली तरी लवकर निवते, पावसात भिजली तरी लवकर कोरडी होते. ड्रम म्हणजे झाकण लावलेलं पातेलं, आत साठलेली उष्णता आतच राहते. एकामागून एक जोरात ब्रेक मारत गेलं की तो थकतो, पकड सोडतो. हे सगळं कबूल. पण माझा प्रश्न वेगळा आहे. सात रस्त्यापासून नवी पेठेपर्यंत, मध्ये दोन रिक्षा, एक म्हैस आणि उलट्या बाजूनं येणारा एक मोटारसायकलवाला असताना, ज्या गाडीचा काटा तिसाच्या वर जात नाही तिचा ड्रम थकायचा कधी?

आणि गाडी ब्रेकमुळं थांबते, हीच मुळात अर्धी गोष्ट आहे. ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता एकमेकांना धरतात म्हणून. ज्या ब्रेकनं चाक जागच्या जागी जॅम होऊन टायर फरफटतो, त्याच्या दुप्पट मोठा ब्रेक लावून काय मिळणार? तो टायर जरा आणखी रुबाबात फरफटेल. ताशी साठनं जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर कापते. समोर पोर आलं हे डोळ्यांना दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ते सतरा मीटर जगातला कुठलाही कॅलिपर परत आणत नाही. वेग दुप्पट झाला की थांबवायची ताकद चौपट लागते, हा शाळेतला हिशोब. म्हणून सगळ्यात स्वस्त मोठा ब्रेक म्हणजे वेग निम्मा करणं. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, ते तर कुणी पण करेल!" मला वाटतं, या छंदाचं सगळं मर्म या वाक्यात आलं.

पुढची भानगड त्याच्या मोबाइलमधल्या चित्रफितीत कुणी दाखवलेली नव्हती. ड्रममध्ये एक गंमत असते. फिरणारा ड्रम आतल्या शूला आपल्याबरोबर ओढतो आणि तो शू आणखी घट्ट दाबला जातो, म्हणजे ब्रेक मारायला चाकच मदत करतं. डिस्कला ही मदत नाही. म्हणून डिस्कच्या गाडीला इंजिनाच्या ओढीवर चालणारा बूस्टर देतात. आमच्या पद्मिनीला बूस्टर माहीत नाही. तिला नुसत्या डिस्क लावल्या तर पेडलवर पाय नव्हे, आख्खा मामा उभा करावा लागेल. शिवाय कॅलिपरचे पिस्टन मोठे, त्यांना तेल जास्त लागतं. जुन्या मास्टर सिलिंडरला ते पुरत नाही, आणि पेडल खाली जातं. मास्टर सिलिंडर मोठा केला की पाय आणखी जड. मोठी डिस्क जुन्या चौदा इंची रिममध्ये मावत नाही, म्हणून रिम बदला, टायर बदला. आणि पुढचा ब्रेक एकदम दांडगा केला की पुढची चाकं आधी जॅम होतात. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर सरळ जाते. कारखान्यात बसून शिकलेल्या माणसांनी पुढच्या-मागच्या ब्रेकचा हा वाटा वजनाप्रमाणं बेतलेला असतो. आपण तो रविवारी दुपारी, पोहे खाऊन, बदलायला निघतो.

इतकं सगळं मी पोटतिडकीनं का सांगतोय, ते आता कबूल करतो.

चार वर्षांपूर्वी एका मंगळवारी आम्ही तुळजापूरला गेलो होतो. गाडीत मी, ही, माझी बहीण, सून आणि दोन नातवंडं. दर्शन झालं, परत निघालो. तुळजापूर सोडलं की घाट लागतो. घाट काही खंडाळ्यासारखा नाही, पण उतार आहे. आणि उताराला गाडी न्यूट्रल करायची, हा मध्यमवर्गीय माणसाच्या रक्तातला रोग मलाही आहे. पेट्रोल वाचतं ना! किती वाचतं? चहाच्या अर्ध्या कपाइतकं. तर न्यूट्रल टाकून, ब्रेकवर पाय ठेवून, मी निवांत खाली येत होतो. दोन वळणं झाली. तिसऱ्या वळणाआधी पेडल दाबलं, ते थेट तळाला गेलं. लोण्यात बोट घालावं तसं.

समोर रस्त्याच्या कडेनं चालत येणारी माणसं होती. अनवाणी. एकीच्या कडेवर पोर होतं.

पुढं काय केलं ते नीट आठवत नाही. पेडल चारपाच वेळा मारलं, गिअर कसाबसा दुसऱ्यात घातला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक ओढला, आणि गाडी डाव्या हाताला मुरुमात घासत जाऊन उभी राहिली. चालणारे थांबून बघत होते. त्यातली एक बाई जवळ आली आणि "पाणी पाहिजे का?" म्हणून विचारलं. मला तोंडातून शब्द फुटेना. हिनं हात जोडले, म्हणाली, "देवीनं वाचवलं."

दुसऱ्या दिवशी आमच्या मेस्त्रीनं ब्रेक ऑइल एका वाटीत काढून माझ्यापुढं धरलं. शेंगदाण्याचं तेल तीनदा तळणाला वापरल्यावर दिसतं, तसं. "कधी बदलला होता, मालक?" मला सांगता येईना. वरून टाकत आलो होतो, बदललं कधीच नव्हतं. मग त्यानं शिकवणी घेतली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. नवं डॉट थ्री 205 अंशांना उकळतं. पाणी प्यालेलं 140 ला उकळायला लागतं. घाटात सतत पाय ठेवला, ड्रम तापले, तेलाला उकळी आली, वाफ झाली. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पाय गेला तळाला. "न्यूट्रल पण टाकला असणार," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. मग पाना पुसत, "देवी तरी किती वेळा ब्रेक मारणार, मालक?"

आता सांगा, यात ड्रमचा काय दोष? मोठ्या डिस्क असत्या आणि तेल तेच असतं, गिअर न्यूट्रलच असता, तर फार तर एक वळण पुढं जाऊन हेच झालं असतं. मी लावलेल्या लाल कॅलिपरकडं बघत कडेवर पोर घेतलेली ती बाई काय म्हणाली असती, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

म्हणून भाच्याला म्हटलं, तुझे चाळीस हजार खर्चायचेच आहेत ना? माझ्या गाडीला ब्रेकच्या तेलाची एकच लाइन आहे. कुठंही एक नळी फुटली की चारही चाकं गेली. नव्या गाड्यांना दोन लाइनी असतात, एक गेली तरी दुसरी धरते. तसा दुहेरी मास्टर सिलिंडर हिला नीट बसवता येतो का, ते मेस्त्रीला विचार. सगळ्या रबरी नळ्या बदल, व्हील सिलिंडरची किट टाक, शू अ‍ॅडजस्ट करून घे, एअर काढ, चांगले टायर घाल. उरलेल्या पैशांत आपण सगळे हुरडा खायला जाऊ. यातलं काहीही बाहेरून दिसणार नाही, एवढीच अडचण आहे.

त्यानं पडतं घेतलं नाही. मग मी कायदा काढला. गाडी कारखान्यातून जशी नोंदवली तशी असली पाहिजे, मनाला येईल तशी बदलायची नाही, हे 1988 च्या मोटार वाहन कायद्यात आहे, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावून सांगितलं. उद्या काही झालं तर विमावाले आधी आरसी बुक उघडतील आणि मग तुझे कॅलिपर मोजतील. ही, जी इतका वेळ आतून ऐकत होती, म्हणाली, "आणि अलॉय व्हीलला मी हळदीकुंकू कुठं लावू? सगळी भोकंच." या मुद्द्यावर भाचा गडबडला. सोलापुरात दसऱ्याला हा प्रश्न उद्भवतोच.

शेवटी तो मेस्त्रीकडं गेला. चार दिवस गाडी तिथं होती. परत आली तेव्हा पेडल वर, टणक, पायाला लागल्याबरोबर धरणारं. मी हायवेला नेऊन रिकाम्या रस्त्यावर तीनदा ब्रेक मारून पाहिला. गाडी सरळ थांबली, डावीउजवीकडं नाक न फिरवता. इतकं बरं वाटलं की येताना चटणी घेतली.

भाचा मात्र हिरमुसलेला. जेवताना म्हणाला, "मामा, काहीच दिसत नाही बे." मग घासभर थांबून, "निदान ड्रम तरी लाल रंगवू का?"

रंगव म्हटलं. चाकाच्या टोपीआडच आहेत.