पाकीट जैविक, पण ऊस तोडणारीचे काय?

दुकानात जैविक साखरेचे महाग पाकीट दिसले की आपल्या आयाबायांना वाटते, पैसे असते तर लेकरांना हेच दिले असते. ही खंत मनातून काढून टाका. साखर जैविक असो वा साधी, एका ग्रॅमला साधारण ४ कॅलरी. मधुमेहाला दोन्ही सारख्याच. दिवसाला ६ चमच्यांपेक्षा कमी साखर खावी, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे दोन्हींना लागू आहे.

‘जैविक भारत’ हे चिन्ह २०१७ च्या नियमांनी आले. पीक रासायनिक खते-फवारणीशिवाय घेतले, हे ते सांगते. हे चांगलेच आहे, कारण फवारणीचे विष आधी मजुराच्या अंगावर येते. पण ऊस कोणी तोडला, तिला मजुरी किती मिळाली, हे ते चिन्ह सांगत नाही.

बीड जिल्ह्याने ते सांगितले. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल फेडायची आणि एक दिवस खाडा झाला की दंड भरायचा. म्हणून पाळीतही फडात, गरोदरपणातही फडात. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींत एक.

मोठ्या कंपन्या ‘शाश्वत उत्पादना’ची प्रमाणपत्रे दाखवतात. २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने महाराष्ट्रातल्या साखरेची बातमी दिली, तेव्हा अशाच एका कारखान्याकडे ‘बॉनसुक्रो’ या संस्थेचे प्रमाणपत्र होते. तपासणीस कारखान्यात जातो. फडातल्या बाईपर्यंत तो पोचतोच असे नाही.

कोणी म्हणेल, कंपनीमुळे निदान जमीन तरी वाचते. वाचू द्या. पण जमिनीचे आरोग्य मोजायचे आणि बाईचे सोडून द्यायचे, याला मी न्याय म्हणणार नाही.

मग करायचे काय? साखर कमी करा. पाकीट घेतलेच, तर त्यावरच्या ग्राहक क्रमांकावर विचारा: खाड्याचा दंड घेता का? फडावर पाणी, शौचालय आहे का? आणि तोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींना सांगा: अंगावर जाते, पोट दुखते म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितले, तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या.