कुत्र्याची बाजू

मुलांच्या सिनेमात दुष्टपणा नको, असं म्हणणाऱ्यांशी माझं हाडवैर आहे. परवा त्या पक्षात आमच्या सूनबाई दाखल झाल्या. मी नातवाला मोबाइलवर ‘डॉग्ज इज डॉग्ज’ दाखवत होतो. ती डोकावली आणि म्हणाली, “बाबा, सावत्र आई, मारझोड, कुत्र्यावर बंदूक... आणि हे विनोदी?” शेजारी बसलेले इंग्रजीचे निवृत्त मास्तर म्हणाले, “आणि नावातच व्याकरणाचा मुडदा!”

मास्तरांचा निकाल आधी लावतो. याच मंडळींनी १९३० साली ‘पप्स इज पप्स’ काढला होता. वर्षभरात पिल्लं मोठी झाली, व्याकरण होतं तिथंच राहिलं. संपलं.

सूनबाईंचं प्रकरण मात्र वरच्या कोर्टातलं. १९३१ चा हा वीसेक मिनिटांचा बोलपट हॅल रोच यांच्या ‘अवर गँग’ मालिकेतला. ही मालिका अमेरिकेत १९२२ पासून १९४४ पर्यंत चालली. व्हीझर आणि डोरोथी ही भावंडं सावत्र आईच्या घरी लापशीवर दिवस काढतात आणि तिचा लाडका स्पड हॅम-अंडी झोडतो. मग येतो स्टायमी, गोल हॅटवाला काळा पोरगा. हॅम आणि अंडी बोलतात, अशी थाप तो स्पडला बिनदिक्कत मारतो आणि ती त्याच्याकडूनच तळून घेतो! भुकेवर एवढं हसवणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. नातू तर खुर्चीवरून खाली आला.

पुढे कोंबड्यांवर तुटून पडतो स्पडचा नीरो आणि आळ येतो व्हीझरच्या पीटवर. पीटच्या एका डोळ्याभोवती काळं वर्तुळ. असलं तोंड घेऊन निरपराध दिसणं तसंही अवघडच! शेजारी बंदूक घेऊन निघतो. नातवाचं हसू थांबलं. “आजोबा, त्याने नाही केलं! सांगा ना त्यांना!”

आता मला सांगा, ज्या चित्रफितींत गुलाबी अस्वलं उठल्यासुटल्या एकमेकांना ‘सॉरी’ म्हणतात, त्या पाहून कुठलं पोर असं ओरडतं?

मी एवढा तावातावाने बोलतोय, त्याला कारण आहे. नऊ वर्षांचा असताना, दिवाळीच्या आदल्या रात्री, मी डब्यातले सात बेसनाचे लाडू खाल्ले आणि सकाळी वाड्यातल्या खंड्याकडे बोट दाखवलं. कुत्र्याने डबा उघडला कसा आणि वर झाकण परत लावलं कसं, हे कुणीही विचारलं नाही. वाड्यात दोन वकील राहत होते. काकांनी खंड्याला पोत्यात घालून सायकलवरून नदीपलीकडे नेऊन सोडलं. कुत्र्यांना पोहता येतं, असं कुणीतरी म्हणालं होतं, म्हणून मी सबंध दिवाळी घाटावर बसून काढली. आई म्हणायची, पोराला नदीची भारी ओढ.

हे मी घरात कधी बोललो नव्हतो. परवा सूनबाईंना सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग मुलाला मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, “बाबा, पहिल्यापासून लावा.”

नाव आलं तेव्हा मास्तरांनी तेवढे डोळे मिटून घेतले.