झोपाळू पिल्ले : निरोगी की आजारी?

परसदारी कोंबड्या पाळण्याची हौस असलेल्या कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. नवी पिल्ले घरी आणली की पहिले दोन-चार दिवस ती सारखी पेंगत असतात. दाणे टिपता टिपता जागच्या जागी डोळे मिटतात. काही तर मान लांब करून, पाय ताणून अशी पसरतात की, मेलीच की काय, असे पाहणाऱ्यास वाटावे. हे झोपणे निरोगीपणाचे समजावे की आजाराचे?

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर चुकल्यास काय होते, याचा अनुभव आमच्याच घरी आम्हांस आला आहे.

काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात जबलपूरच्या आमच्या घरी एका दिवसाची पंचवीस पिल्ले आणली होती. लाकडी खोक्यात तूस पसरून वर विजेचा दिवा टांगला होता. पहिल्या रात्री आईला मुळीच झोप लागली नाही. पिल्ले निपचित पडलेली पाहून ती घटकेघटकेला उठे आणि एकेकास हलवून जागे करी. सकाळी आम्ही तिला समजावले, "आई, लहान बाळासारखीच आहेत ती. त्यांना झोपू दे." आमचे म्हणणे त्या दिवशी बरोबर होते. तिसऱ्या संध्याकाळी दिवा गेला. घरात पिवळ्या प्रकाशाचा जुना दिवा शिल्लक नव्हता, म्हणून आम्ही एलईडी दिवा लावला. उजेड पूर्वीपेक्षाही लख्ख पडला. पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांना बिलगून शांत बसली. आईने पुन्हा शंका काढली. आम्ही पुन्हा तेच उत्तर दिले. सकाळी पाहतो तो त्या ढिगाऱ्याखाली सात पिल्ले मरून पडली होती.

पशुवैद्यांनी कारण एका वाक्यात सांगितले. पिल्ले झोपली नव्हती, गारठली होती. एलईडी दिवा उजेड देतो, पण पिल्लांना पुरेल इतकी ऊब देत नाही. थंडीने पिल्ले एकमेकांवर चढतात, आणि तळाची पिल्ले गुदमरतात. पहिल्या रात्रीचे झोपणे आणि तिसऱ्या रात्रीचे झोपणे वरून पाहता सारखेच दिसत होते. भेद ओळखण्याची रीत मात्र आम्हांस ठाऊक नव्हती. तीच या लेखात सांगावयाची आहे.

प्रथम निरोगी झोपेविषयी. अंड्यात एकवीस दिवस काढून, कवच फोडण्याचे श्रम करून पिल्लू बाहेर येते. बाहेर येण्यापूर्वीच अंड्यातील उरलेला पिवळा बलक त्याच्या पोटात ओढला जातो. या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस तग धरू शकते. म्हणूनच एका दिवसाची पिल्ले दूरच्या गावी पाठविता येतात. तथापि घरी पोचताच त्यांना पाणी व दाणा द्यावा हेच उत्तम. खुडूक कोंबडीबरोबर असलेली पिल्लेही थोडा वेळ चरतात आणि पुन्हा तिच्या पंखांखाली जाऊन निजतात. तेव्हा आई नसलेल्या पिल्लांनी दिवसातून अनेकदा डुलक्या घ्याव्यात, यात वावगे काहीच नाही.

आता पारख. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. डोळे, कान आणि हात पुरेत.

पहिली पारख आवाजाची. खोक्यावर बोटाने हलकेच टिचकी मारावी. निरोगी पिल्लू तत्काळ मान वर करते, डोळे उघडते आणि क्षणभरात पायांवर उभे राहते. आजारी पिल्लू एकदा डोळे उघडून पुन्हा मिटते, किंवा उघडतच नाही. त्याचे पंख खाली लोंबतात, पिसे फुललेली दिसतात, आणि इतर पिल्ले दाण्याकडे धावत असता ते एकटेच मागे राहते. ही परीक्षा दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. रात्रभर जागे करीत बसल्यास निरोगी पिल्लूही थकते.

दुसरी पारख बसण्याच्या जागेची. पिल्ले दिव्याभोवती सर्वत्र विखरून निजली असतील, तर ऊब योग्य आहे. दिव्याखाली ढीग करून चिवचिवत असतील, तर ती गारठली आहेत. फार गारठल्यावर तो आवाजही थांबतो, हे विसरू नये. दिव्यापासून दूर, चोच उघडी टाकून धापा टाकीत असतील, तर उष्णता अधिक झाली आहे. सगळी एकाच बाजूस सरकली असतील, तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येत आहे असे समजावे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता असावी, आणि पुढे दर आठवड्यास ती सुमारे तीन अंशांनी कमी करीत जावी. जुन्या पद्धतीचा दिवा असल्यास दर पिल्लामागे दोन वॅट हा हिशेब धरतात.

तिसरी पारख हाताची. पिल्लू अलगद उचलून त्याचे पाय आपल्या गालास लावावेत. पाय थंड लागले, तर पिल्लू थंड आहे. मग गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपावी. संध्याकाळी ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. रिकामी लागली, तर पिल्लू खात नाही. कोरडी व घट्ट लागली, तर दाणा मिळाला पण पाणी मिळाले नाही.

चौथी पारख शेपटीखालची. तेथे विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल, तर पिल्लू सुस्त होते व उपचार न केल्यास दगावते. कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने ती जागा हळूहळू मोकळी करावी. ओढून काढू नये. अनेक पिल्लांची विष्ठा पांढरी व चिकट दिसत असेल, तर पांढऱ्या हगवणीची शंका घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

वयाकडेही लक्ष हवे. पहिल्या आठवड्यातील सुस्ती बहुधा ऊब किंवा पाणी यांच्या उणिवेमुळे असते. तिसऱ्या आठवड्यानंतरच्या सुस्तीकडे मात्र आजार म्हणूनच पाहावे. पिल्लू पिसे फुलवून पेंगत आहे आणि विष्ठेत रक्त दिसते आहे, तर ती रक्ती हगवण होय. ओल्या तुसात हा रोग झपाट्याने पसरतो. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, याहून घातक आहे. त्यावर औषध नाही; लस हाच उपाय. ही लस पिल्लू पाच ते सात दिवसांचे असता डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात.

आणखी एका धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. जबलपूरकडील थंडीत वीज गेली की बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याचा मोह होतो. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. त्याने पिल्ले गुंगतात व झोपेतच मरतात, आणि त्याच खोलीत माणसे निजली असतील तर त्यांच्याही प्राणाशी गाठ पडते. शेगडी खोलीबाहेर ठेवून, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवाव्यात.

आजारी वाटणारे पिल्लू वेगळ्या खोक्यात, पण उबेतच ठेवावे. त्याच्या घशात पाणी ओतू नये. चोचीचे टोक पाण्यात बुडवावे, म्हणजे ते आपण होऊन पिते. घरातील माणसांची उरलेली औषधे देऊ नयेत. एकाएकी अनेक पक्षी मेले, तर उघड्या हातांनी स्पर्श न करता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

जबलपूरकरांना या बाबतीत जाणकारांचा शेजार लाभला आहे. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ साली स्थापन झाले, आणि २००९ पासून ते नानाजी देशमुख यांच्या नावाच्या विद्यापीठाचा भाग आहे. झाबुआकडील काळ्या कडकनाथ कोंबडीचा वारसा घेतलेली 'नर्मदा निधी' ही परसातील कोंबडी याच संस्थेने तयार केली. अशा जाती काटक असतात. परंतु पहिल्या आठवड्यांतील ऊब त्यांनाही तितकीच हवी असते.

त्या सात पिल्लांनंतर उरलेली अठरा आमच्या आईने वाढविली. आता ती रात्री वरचेवर उठत नाही. निजण्यापूर्वी दिव्याखाली हात धरून ऊब पाहते, खोक्यावर एकदा टिचकी मारते, आणि साऱ्या माना वर झाल्या की दार लोटून घेते. वाचकांनीही नवी पिल्ले आणल्यावर निदान पहिले तीन आठवडे हा नेम चुकवू नये.