हास्यामागील हिशेब

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटालियन चित्रपटाचा विषय निघाला की डे सिका आणि रोसेलिनी यांची नावे आदराने घेतली जातात. १९५२ साली मुंबईच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘बायसिकल थीव्हज’ दाखविला गेला, तेव्हापासून आपल्याकडेही हीच परंपरा आहे. परंतु त्याच दारिद्र्याचा ताळेबंद हसत हसत मांडणाऱ्या एका जोडीचा उल्लेख क्वचितच होतो. स्तेनो या नावाने परिचित असलेले स्तेफानो वान्झिना आणि मारिओ मोनिचेल्ली ही ती जोडी होय.

मुळात पटकथाकार असलेल्या या दोघांनी १९४९ ते १९५३ या काळात मिळून आठ चित्रपट दिग्दर्शित केले. ‘तोतो घर शोधतो’ (१९४९) या चित्रपटाचा विषय होता युद्धोत्तर घरटंचाई. त्यातील बेघर कुटुंब शाळेच्या वर्गात संसार थाटते आणि तेथून निघून दफनभूमीत आश्रय घेते. चेकॉव्हच्या कथांवर आधारलेल्या ‘तोतो आणि रोमचे राजे’ या चित्रपटात प्राथमिक शाळेचे प्रमाणपत्र नाही म्हणून एका वयस्क सरकारी कारकुनाला परीक्षेला बसावे लागते. प्रेक्षक पोट धरून हसतो. पण ज्याच्या घरी पगाराच्या तारखेची वाट पाहिली जाते, त्याला त्या हसण्यातील बोच सहज कळते.

‘पोलीस आणि चोर’ (१९५१) हा या जोडीचा सर्वोत्तम चित्रपट म्हणावा लागेल. तोतोने रंगविलेला भुरटा चोर एका अमेरिकन प्रवाशाला खोटे नाणे विकतो. आल्दो फाब्रित्सीचा स्थूल हवालदार त्याला पकडतो. परंतु तो निसटतो आणि हवालदाराची नोकरीच धोक्यात येते. शोध घेता घेता हवालदार चोराच्या कुटुंबात मिसळतो, दोन्ही घरांचा स्नेह जुळतो. अखेरीस त्याला पकडणे हवालदाराच्या जिवावर येते, तेव्हा चोरच त्याला तुरुंगाकडे चलण्याचा आग्रह करतो. १९५२ च्या कान महोत्सवात या चित्रपटासाठी पिएरो तेल्लिनी यांना पटकथेचे पारितोषिक मिळाले.

अशा विनोदाने अन्यायाची धार बोथट होते, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. हसून मोकळा झालेला प्रेक्षक घरी जाऊन स्वस्थ झोपू शकतो. तथापि या चित्रपटात चोराला निर्दोष ठरविलेले नाही, की हवालदाराला खलनायक केलेले नाही. एकाचे पोट कायदा मोडण्यावर आणि दुसऱ्याचे तो पाळण्यावर अवलंबून आहे. दोघांच्या घरची विवंचना मात्र एकच आहे. कायदा गुन्हा मोजतो, गुन्ह्यामागची गरज मोजीत नाही. हे सत्य व्याख्यानातून सांगितले असते तर कितीजण ऐकायला थांबले असते?

१९५३ नंतर या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मोनिचेल्ली यांच्या ‘महायुद्ध’ या चित्रपटाला १९५९ साली व्हेनिस महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले. त्यातही युद्धाचे भीषण सत्य दोन सामान्य, पळपुट्या शिपायांच्या विनोदातूनच प्रकटले. गंभीर चेहरा म्हणजेच गंभीर विचार, हे समीकरण किती फसवे आहे, हे या जोडीच्या आठ चित्रपटांपासून शिकण्यासारखे आहे.