शुगरच्या गोळ्या लपवू नका

पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या दिवशी आमच्या वर्गातल्या एका मुलाची अम्मी भेटायला आल्या. थोरल्या मुलाच्या दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. किडनी द्यायला त्याच पुढे झालेल्या. तपासणीचा कागद आमच्याकडून समजून घेतला आणि हळूच म्हणाल्या, ‘‘सर, आठ दिवस झाले, शुगरच्या गोळ्या बंद केल्यात. डॉक्टरांना सांगितलं तर नाही म्हणतील ना!’’

आम्ही हादरलो. आधी गोळ्या सुरू करा, म्हटले. अशी लपवाछपवी चालतही नाही. एचबीएवनसी तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर कळते.

मधुमेह असलेल्याची किडनी डॉक्टर सहसा घेत नाहीत. साखरेने किडनी हळूहळू झिजते. एकच उरली तर उद्या अम्मीलाच डायलिसिस. ब्लडप्रेशरचे थोडे निराळे. वय बरेच झालेले, एका गोळीत दाब काबूत, लघवीतून प्रथिन जात नाही, हृदय ठीक, अशा दात्याचा काही रुग्णालये विचार करतात. तरुण वयातला दाब उलट जास्त धोक्याचा, कारण एका किडनीवर पुढची तीस-चाळीस वर्षे काढायची असतात. उरलेली किडनी काम वाढवते हे खरे, पण एकूण काम पूर्वीच्या साधारण ७० टक्क्यांपर्यंतच येते. सांधेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. मूल व्हायचे असलेल्या मुलीने गरोदरपणातल्या वाढत्या दाबाबद्दल आधीच विचारावे.

आपल्याकडे किडनी देताना अम्मी, बीवी, बहीण हीच नावे पुढे येतात. भाईजानचे नाव निघाले की, ‘‘तो कमावता आहे.’’ आणि घरात बसणारीच्या शरीराला काही किंमत नाही? ज्या उलेमांनी किडनीदानाला परवानगी दिली, त्यांनीही देणाऱ्याच्या जिवाला धोका नसावा, ही अट घातलीच आहे. मनात भीती असेल तर डॉक्टरांना एकांतात सांगावे. कारण घरच्यांना न कळवताही ते थांबवू शकतात.

त्या अम्मींना डॉक्टरांनी नाही म्हटले. खूप रडल्या. अब्बांचा रक्तगट जुळत नाही. पण २०११च्या कायदा-दुरुस्तीने अशा दोन कुटुंबांना अदलाबदल करता येते: आपला दाता त्यांच्या रुग्णाला, त्यांचा आपल्या. अब्बांनी नाव नोंदवले आहे. आता त्यांच्या तपासण्या चालू आहेत, आणि या वेळी जुन्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून अम्मीच सोबत जातात.