सूर्यास्त आपलाही आहे

साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावरून दिवे लागत जाणारे शहर दिसते. मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावरून दुष्काळी शिवारापलीकडे मावळणारा सूर्य. तिथे फोटो काढताना मला भेटतात ते बहुतेक पुरुषच. कारण ती वेळ दिवेलागणीची, बाईने घरात असण्याची! सरपणासाठी डोंगर चढणाऱ्या बाईला कोणी अडवत नाही. कॅमेरा घेऊन नुसती पाहत बसली, की 'एकटीच?' असा प्रश्न येतो. १७०० साली मोगलांनी घेतलेला अजिंक्यतारा ताराबाईंच्या राजवटीत परत मिळाला. तिथे आम्ही सूर्यास्तापर्यंत थांबू नये? बाईला लवकर घरी पाठवणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. पायथ्याशी दिवे हवेत, उशिराची एस.टी. हवी. मैत्रिणींनो, ही मागणी करू या. आणि तोवर गटाने जाऊ या, काही काम नसताना!