छर्ऱ्यांची निगा

बिनतारी यंत्रानें धांवणारी शर्यतीची लहान मोटार हल्लीं कित्येक विद्यार्थ्यांच्या हातीं दिसते. तिचा वेग मंदावला, कीं मुलें नव्या बॅटरीचा हट्ट धरतात. परंतु दोष पुष्कळदां चाकाच्या बेअरिंगमध्यें असतो. त्याच्या दोन कड्यांमध्यें पोलादी छर्रे फिरतात. त्यांत धूळ शिरली, कीं चाक जड होतें व छर्रे झिजतात. आणि जालन्याच्या उन्हाळ्यांत धुळीला काय तोटा?

उपाय सोपा आहे. टांचणीनें झांकणी अलगद काढावी. वडील माणसांच्या देखत, विस्तवापासून दूर, बेअरिंग रॉकेलांत धुवावें, पूर्ण वाळूं द्यावें आणि पातळ तेलाचा एकच थेंब सोडावा. अधिक तेल धूळ धरून ठेवतें. धुतल्यावरहि बोटाला खरखर लागली, तर मात्र तें बदलणेंच योग्य.

कोणी म्हणतील, यांत अभ्यासाचा वेळ जातो. परंतु यंत्र उघडून त्याचा दोष शोधणें हाहि अभ्यासच नव्हे काय? याच जालन्यांत एन. आर. बी.च्या कारखान्यांत बेअरिंगें तयार होतात. केसाहूनहि सूक्ष्म मापाच्या कसोटीस उतरलेली वस्तु चिमूटभर धुळीपायीं फेंकून देणें, हा पैशाचा अपव्यय आणि कारागिराच्या श्रमांचा अनादर होय. यास्तव पालकांनीं नवी वस्तु देण्यापूर्वीं, जुनी स्वच्छ केली काय, एवढें अवश्य विचारावें. ज्याला गाडी पळवावयाची आहे, त्यानें ती राखावयासहि शिकलें पाहिजे.